कडं सुटलं नव्हतं

१

शेवटच्या साध्या दिवशी बाबा झाडाला पाठ घासत होते.

"अस्वलासारखं काय चाललंय?" मी म्हणाले. "परवा फोटो काढायला माणसं येणार आहेत."

"येऊ देत. तुझी आई गेल्यापासून माझी पाठ हेच झाड खाजवतं," ते म्हणाले आणि शर्टावरची करडी भुकटी झटकत खाली बसले.

ट्युनिशियातल्या ऐन द्राहम गावाच्या वरचा आमचा डोंगर बुचाच्या ओकांचा. बाटलीला बसतं ते बूच म्हणजे या झाडाची साल. बऱ्याच वर्षांतून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाला, ती सोलून काढतात. झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं. बाबा सालीला कोट म्हणायचे. जूनमध्ये अर्धा डोंगर कोट उतरवून उभा असतो, लालभडक, उघडा. लहानपणी मला त्या झाडांकडे बघायला लाज वाटायची.

आमच्याकडे 'सी' म्हणजे साहेब. सी शाझलीने तिथे कुटुंबांसाठी रिसॉर्ट काढलं आणि झाडावरची घरं बांधायचं काम बाबांना दिलं. नकाशे मी काढले. ट्युनिसमध्ये माझं कामच ते आहे. पण झाड कुठलं आणि घर कुठल्या बाजूला तोंड करून बसणार, हे बाबा ठरवायचे. पहिलंच घर मोठं होतं, आईबाप, दोन मुलं आणि एक आजी मावतील असं. आजीला जिना नको म्हणून वरच्या वाटेवरून थेट घरात नेणारा सपाट पूल. मुलांचे पलंग खोडाला लागून, कारण मुलं भिंतीपेक्षा झाडाजवळ गाढ झोपतात असं बाबांचं मत. कठड्याच्या दोन पट्ट्यांमधून लहान खरबूज जाता कामा नये, हा त्यांचा नियम. मी नकाशावर अंतर लिहून दिलं होतं, तरी ते बाजारातून खरबूज घेऊनच आले.

झाडाला भोक पाडणं मात्र त्यांना मान्य नव्हतं. घराची एक बाजू उतारावरच्या खांबांवर टेकली होती. दुसरी बाजू पेलायला त्यांनी ओकाचं कडं केलं होतं. दोन अर्धी कडी खोडाभोवती बसवून, गावातल्या फौझी लोहाराच्या बोल्टांनी एकमेकांना आवळलेली. कडं आणि झाड यांच्यामध्ये बुचाची जाड साल.

"कोट घातलेल्या माणसाला कितीही घट्ट मिठी मारा," ते म्हणायचे, "त्याला लागत नाही."

आम्ही सावलीत बसून तबूना रोटी आणि भाजलेल्या मिरच्या खाल्ल्या. खालच्या वाटेने मुख्तारकाका आले, बाबांचे धाकटे भाऊ. खांद्यावर कुऱ्हाड, मागे सालींनी लादलेलं खेचर. डोंगरावरच्या साल काढणाऱ्या टोळीचे ते मुकादम.

"काय रे लखदर, श्रीमंतांच्या पोरांना अंडी घालायला घरटं झालं का?"

"वर येऊन बघ तरी एकदा."

"मी काय कोंबडी आहे?"

"कोंबडीला निदान उत्सुकता असते," बाबा म्हणाले. काका हसले, खेचराचा दोर ओढला आणि गेले. हिवाळ्यापासून बाबा त्यांना वर बोलवत होते. ते कधीच आले नाहीत.

संध्याकाळी मी ट्युनिसला निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचाच फोन आला.

"रौधा," ते म्हणाले, "झाडावरचं घर पडलं. लखदर त्यात होता."

२

दफन झालं. बायका रडल्या, पुरुषांनी हळू आवाजात कारणं सांगितली. कडं सुटलं. मापं चुकली. वय झालं होतं. मग कोणीतरी म्हणायचं, "ऐब, मेलेल्या माणसाबद्दल नको," आणि विषय तिथे थांबायचा. आमच्याकडे ऐब, म्हणजे लाजेची गोष्ट, म्हटलं की तोंडं मिटतात. मनातलं मात्र तसंच राहतं, बंद डब्यातल्या तुपासारखं, हळूहळू वास धरत.

काही आठवड्यांनी विमा कंपनीची तपासनीस आली. लल्ला झकिया, लल्ला म्हणजे बाई. सफाक्स शहरातली, पन्नाशीची, हातात एवढी मोठी पिशवी की तिच्यात कोकरू मावेल. ती सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत बोलायची आणि टरफलं रुमालात गोळा करायची.

"तुम्हाला स्पष्ट सांगते," ती म्हणाली. "सी शाझलीच्या अर्जात 'कारागिराची चूक' असं लिहिलंय. मी सही केली की तेच कायम. इथली उरलेली घरं दुसरा कोणी बांधेल. आणि तुमच्या वडिलांचं नाव घेताना लोक आपल्या पोरांना सांगतील, बघा, असं बांधायचं नसतं."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मोजताना चुकले असतील," मी म्हणाले.

तिने बिया फोडायचं थांबवलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"नकाशा कुणाचा?"

"माझा. कडं त्यांचं."

"हं," ती म्हणाली. "चला, मला ते कडं दाखवा."

"मी पाहिलं नाही. शाझलींनी सगळं उचलून कोठारात ठेवलंय."

"वडील गेले त्या जागी तुम्ही अजून गेला नाहीत?"

मी मान हलवली. तिने पिशवी उचलली.

"मग दोघी मिळून जाऊ. एकटीने मी काय बघणार? आमच्याकडे फक्त ऑलिव्ह. ओकाची तर मला सावलीसुद्धा ओळखता येत नाही."

३

सी शाझली रिसॉर्टच्या दारातच उभा होता. गोरा, घामेजलेला, बोलताना समोरच्याच्या बाहीला हात लावणारा.

"सफाक्सहून? अरे वा! सफाक्सचा माणूस म्हणे सावलीसुद्धा फुकट देत नाही."

"देतो ना," झकिया म्हणाली. "पण आधी विचारतो, बसणार किती वेळ. रौधा म्हणाली ते फोटोवाले आले होते का हो?"

"कुठले? त्या दिवसानंतर कोण येणार?" त्याने मान खाली घातली. "लखदर मला भावासारखा होता. मी अर्जात 'चूक' लिहिलं ते वकिलाच्या सांगण्यावरून. माझ्या मनात नव्हतं."

"मग मनात काय होतं?"

त्याने माझ्या बाहीला हात लावला. "चहा घेणार ना?"

फौझी लोहार त्याच्या भट्टीवर भेटला. डाव्या कानाने ठार बहिरा. ऐरणीपाशी जन्म गेला. आम्ही काही विचारायच्या आधीच ओरडायला लागला.

"माझे बोल्ट तुटले असं जो म्हणेल त्याच्या दाढीला आग लावीन! एकेक बोल्ट मी आपल्या हाताने पिळलाय!"

"कोणी म्हणत नाही," झकिया त्याच्या उजव्या कानाशी म्हणाली. "आमचं म्हणणं एवढंच, सी लखदर सकाळी कामाला गेले आणि काम करताना पडले."

"कसलं काम? हात रिकामे होते त्याचे," फौझी म्हणाला. मग चिमटा उचलून निखारे उगाच खालीवर करायला लागला. "म्हातारा माणूस. चालायचंच."

झकियाने मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुमचे वडील कामाला जाताना हात रिकामे असायचे?"

"कधीच नाही. अवजारांची पिशवी त्यांच्या खांद्याला असायचीच."

"ती पिशवी कुठाय?"

"घरी. शाझलीच्या पहारेकऱ्याने मला आणून दिली, मी एकटी असताना."

"त्याला कुठे मिळाली?"

मी विचारलंच नव्हतं.

कोठारात मोडलेल्या फळ्या, मुलांच्या पलंगांच्या पट्ट्या. त्यांच्याखाली, कुणीतरी चादर टाकून झाकलेलं, कडं.

झकियाने चादर ओढली आणि मी खाली बसले.

कडं अख्खं होतं. बोल्ट अख्खे. झाडावरून उतरवायला एका बाजूचे सोडले होते, त्यांचे आटेही शाबूत; दुसऱ्या बाजूने दोन्ही अर्धी जशीच्या तशी आवळलेली. आणि आत, बांगडीत मनगट असावं तशी, बुचाची साल. सोडलेल्या बाजूला चिरलेली, बाकी पुरी गोल. तिची आतली बाजू गुळगुळीत, पिवळसर.

"हे काय आहे?" झकियाने विचारलं. "मला कळत नाही म्हणून विचारतेय."

मला कळलं होतं. आमच्या डोंगरावरच्या कुठल्याही माणसाला एका नजरेत कळलं असतं. म्हणूनच कोणी ते नीट पाहायला गेलं नव्हतं.

"कडं सुटलं नाही," मी म्हणाले. "कड्याने सालीला शेवटपर्यंत धरून ठेवलं. सालच झाडावरून सुटली."

४

आम्ही खालच्या वाटेने झाडापाशी गेलो. आजूबाजूला सगळीच झाडं लाल. आमचंही लाल. मी त्याच्याकडे पाहत राहिले.

"हे असंच असतं?" झकियाने विचारलं.

"उन्हाळ्यात, साल काढली की."

"मग यात विशेष काय?"

"विशेष काहीच नाही. म्हणूनच कोणाला खटकलं नसेल." मी खोडाला हात लावला. "पण हे झाड या वर्षी सोलायचं नव्हतं. घर उभं असेपर्यंत या झाडाला कोणी कुऱ्हाड लावायची नाही, असं बाबांनी शाझलीला सांगितलं होतं. जूनमध्ये झाडाला रस चढतो आणि साल सैल होते. हिवाळ्यात ती कातडीसारखी चिकटलेली असते, पण जूनमध्ये खालून कापली की वरचीही सरकते. बाहीसारखी."

"आणि त्या बाहीवर घर."

"हो."

"सोललं कधी? आदल्या दिवशी तुम्ही इथे होतात."

मी आठवायला लागले. "बाबा या झाडाला पाठ घासत होते. शर्टाला करडी भुकटी लागली होती. ताज्या सोललेल्या खोडाला शर्ट लागला तर तपकिरी डाग पडतो, तो जात नाही. म्हणजे साल होती. आम्ही घरी गेल्यावर सोललं."

झकिया खोडाभोवती फिरत होती. एका जागी थांबली. छातीच्या उंचीवर वाळलेल्या चिखलाचा थर होता. तिने नखाने खरवडला. खाली पांढरा रंग. मग एक आकडा.

"हा काय?"

"साल काढली की खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात. पुन्हा कधी काढायची ते कळावं म्हणून."

"चोर रंगवील?"

"चोर सोलून पळेल."

"म्हणजे आपण योग्य तेच करतोय असं समजून हे करणारा माणूस. हात सवयीचा. सोललं आणि आकडाही घातला." ती चिखलाकडे बघत म्हणाली. "आणि नंतर आपलंच अक्षर झाकलं. भीतीने असं झाकतात का? भ्यालेला माणूस आकडा तासून टाकतो. यानं नुसता चिखल थापलाय. उघड्या अंगावर चादर टाकावी तसा."

या डोंगरावर रंगाचा डबा एकाच माणसाच्या खेचरावर असतो. मी ते नाव उच्चारलं नाही.

पहारेकरी झोपडीतून आला. झकियाने त्याला पिशवीचं विचारलं. त्याने खालच्या वाटेवर, झाडापासून हाकेच्या अंतरावरची एक झुडपांची जागा दाखवली. "इथे होती. पट्टा नीट दुमडून. मला वाटलं लल्लांना द्यावी. इतरांसमोर नको वाटलं."

झकिया त्या जागी जाऊन उभी राहिली. वर पाहिलं. मला हाताने बोलावलं.

तिथून लाल खोड सरळ समोर दिसत होतं.

"त्यांनी पाहिलं होतं," मी म्हणाले.

"पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. अशा घरात पाऊल टाकू नये हे या जगात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक होतं?"

"बाबांना."

"तरी ते वळसा घालून पुलावर गेले आणि घरात शिरले." तिने रुमालाची गाठ मारली. "आता खरा प्रश्न, रौधा. का?"

५

चाळिसाव्याचं जेवण काकांच्या अंगणात होतं. बायका स्वयंपाकघरात, पुरुष चटयांवर कुसकुसच्या परातींभोवती. झकियाला कोणी बोलावलं नव्हतं. ती आली, फातिहाची प्रार्थना म्हटली आणि पुरुषांमध्ये जाऊन बसली. कोणाला उठवता येईना.

"मला उद्या सही करायची आहे," ती म्हणाली. "तेव्हा आज थोडं बोलते."

"ऐब आहे, लल्ला," कोणीतरी पुटपुटलं. "आज तरी नको."

"बरोबर आहे. या गावात मला कोणी खोटं सांगितलं नाही. मी विचारलं तेवढं सांगितलं. उरलेलं सगळं ऐब म्हणून गिळलं." ती शाझलीकडे वळली. "फोटोसाठी लाल खोड हवं होतं ना?"

शाझलीने हातातला घास परत ठेवला. "सगळ्या जाहिरातींत लाल असतं," तो म्हणाला. "मला वाटलं, लखदरला सकाळी सांगू. फक्त माणसाच्या उंचीएवढं. मी मुख्तारला म्हटलं, लखदरची हरकत नाही."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. त्यांनी डोळे मिटले होते.

"मला वाटलं घर बोल्टांवर आहे," ते म्हणाले. "सगळीकडे झाडात बोल्ट ठोकतात. खालून फळ्या दिसत होत्या, कडं दिसत नव्हतं. तो मला वर बोलवायचा आणि मी... मी म्हणायचो घरटं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "एकदा वर गेलो असतो तर मला कळलं असतं. मीच मारलं त्याला."

"थांबा," झकिया म्हणाली. "अजून एक माणूस बोलायचा आहे. सी लखदर यांनी लाल खोड पाहिलं आणि तरीही आत गेले. रिकाम्या घरात ते गेले नसते. ते रिकाम्या हातांनी गेले. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, पिशवीचं फक्त पहारेकऱ्याला आणि मुलीला माहीत होतं. पण एकाने मला आपणहून सांगितलं की त्यांचे हात रिकामे होते. हे कळायला त्या क्षणी घरात असावं लागतं."

झकिया फौझीच्या डाव्या, बहिऱ्या बाजूला बसली होती, त्याला काही कळलं नव्हतं. शेजाऱ्याने त्याच्या उजव्या कानात सांगितलं. त्याचा चेहरा राखेचा झाला.

"पोरांच्या पलंगाची लोखंडी पट्टी सैल होती," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "पलीकडच्या टोकाला ठोकत होतो. तो हाका मारत असेल. मला या कानाने काय ऐकू येतं? एकदम मागून गळपट्टी धरली आणि मला पुलाकडे फेकलं. शिवी दिली. लखदर कधी शिवी द्यायचा नाही. मी पुलावर पडलो, उठलो आणि धावलो. मागे आवाज झाला तेव्हा मी धावतच होतो." त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "त्याला बघायला वळलो नाही. हे मी कोणाला कसं सांगणार होतो?"

परातीतल्या वाफा विरल्या.

"अहवालात कारागिराची चूक नाही," झकिया म्हणाली. "घर त्यांनी बांधलं होतं तसंच उभं राहिलं असतं. ते दुसऱ्याने सैल केलं, आणि आत माणूस आहे हे पाहून ते शिरले. एवढंच लिहीन."

काका उठले. अडखळत माझ्यासमोर आले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. त्यांनी माझा हात धरला आणि डोक्याला लावला, जसा लहान माणूस मोठ्याचा लावतो. मागे शाझली उभा, त्याच्यामागे फौझी. मी 'असू दे' म्हणावं म्हणून सगळे थांबले होते. आत बायकांनी डोळे पुसायला सुरुवात केली होती. कोणीतरी म्हणालं, "पोरीने सगळ्यात जास्त सोसलं. बापावर तिचा विश्वास होता म्हणून हे उघडं पडलं."

मी काकांचा हात सोडवून घेतला आणि उंबरा ओलांडून पुरुषांच्या चटईवर गेले.

"माझा विश्वास नव्हता," मी म्हणाले.

"रौधा, बाळा, नको. ऐब..."

"काका, तुम्ही झाड झाकलंत. फौझी पळाला. दोघांनाही त्यामुळे झोप आली नसेल. मला आली. तुमचा फोन ठेवला आणि मी रडले नाही. नकाशा काढला आणि माझा भाराचा हिशेब तपासला. बरोबर होता. मग इथे आले, तर तुम्ही सगळे म्हणत होतात, कडं सुटलं, लखदरची मापं चुकली. त्यांची चूक होती म्हणजे माझी नव्हती." आता थांबता येत नव्हतं. "मला बरं वाटलं होतं, काका. बाबांना मातीत ठेवत होते आणि मला बरं वाटलं होतं."